पाण्यावर कोण आहे?

शहादा
४ नोव्हेंबर २०२४

चि. सीमास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन काही लागत नाही, म्हणून छगनच्या जीपने हे पत्र पाठवते. तोरणमाळची जीप चालवणाऱ्या छगनला विचारलं, उंबरापाड्याच्या शाळेतल्या सीमा पावरा ठाऊक आहेत का? तो म्हणाला, "मॅडमले मी वळखस, बाई. आणा इकडे." दोन्ही बाजूंची पत्रं तोच पोचवणार आहे.

बातमी चांगली आहे. आमच्या तापी-सातपुडा कला परिषदेने यंदा ज्या पथकांना मदत द्यायचं ठरवलंय, त्यात तुझ्या गावाचं नाव आलंय. तुला ठाऊक आहेच, परिषद म्हणजे काही सरकारी काम नव्हे. इथल्याच लोकांनी मिळून ती चालवलीय. दरवर्षी तीन-चार लोककलापथकं आणि शाळा निवडायच्या, त्यांना वर्षभर हात द्यायचा. मी शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी मला त्यात ओढलं. गाणं शिकवणारी बाई म्हटल्यावर कलेतलं सगळंच कळतं असा लोकांचा समज असतो.

धरती कशी झाली ते सांगणारं तुमचं गायण, आणि ते शाळेतल्या मुलांना शिकवायचं, ही तुझी कल्पना बैठकीत सगळ्यांना आवडली. आमचे अध्यक्ष भूपेंद्रभाऊ निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांची एक अट आहे. मदत देण्याआधी पथक डोळ्यांनी बघायचं आणि कानांनी ऐकायचं. जानेवारीत आम्ही वर येऊ. गायला कोण बसतं, साथीला कोण, वाद्यं कोणती, हे जरा कळव.

तुझ्या वसतिगृहातल्या दिवसांपासून तुमच्या या गाण्याबद्दल ऐकत आलेय. आता प्रत्यक्ष ऐकायला मिळणार म्हणून मलाच जास्त आनंद झालाय.

तुझी
प्रमिलाबाई


उंबरापाडा
१९ नोव्हेंबर २०२४

ती. बाईंना,
सीमाचा सादर नमस्कार.

पत्र मिळालं. मुलांना वाचून दाखवलं. परिषद म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, पण आपल्या गावाचं नाव शहाद्यात कोणी घेतलं, एवढ्यावरच ती खूश झाली.

तुम्ही विचारलंय म्हणून सांगते. आमच्याकडे जान्याबाबा गातात. वाद्य नसतं. त्यांच्यासमोर एकजण बसतो आणि उत्तर देतो. हे गाणं विचारायचं आणि सांगायचं आहे. गाणारा विचारतो, समोरचा सांगतो. उत्तर आलं तरच गाणारा पुढे जातो. आमच्या गावात मूल जन्मलं की त्याच दिवशी गायण होतं. नवीन आलेल्याला सांगावं लागतं, तू कुठे आलास, ही जागा कशी झाली. दुसऱ्या गावांत वेगळी रीत असेल.

जानेवारीत मात्र येऊ नका, बाई. तेव्हा वर थंडी फार असते. घाटातला रस्ताही पावसात खचलाय. होळीनंतर आलात तर बरं. तेव्हा सगळं नीट दाखवता येईल.

जान्याबाबांना तुमचा निरोप सांगितला. ते हसले.

आपली
सीमा


शहादा
२ डिसेंबर २०२४

चि. सीमा,

थंडीचं कारण मला सांगू नकोस. तुझी बाई म्हातारी झालीय, पण एवढी नाही.

तुझ्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आलंय. शहरातून माणसं येणार, मोबाइल वर धरून फोटो काढणार, म्हाताऱ्या माणसाला "जरा इकडे बघा, परत एकदा म्हणा" करणार, हे तुला नकोय. बरोबर ना? तुझी भीती खोटी नाही. परवाच्या बैठकीत भूपेंद्रभाऊंनी विचारलं, "ह्या पथकाला नंदुरबारच्या कार्यक्रमात मंचावर आणता येईल का? घुंगरं, मोरपिसं, तो सगळा साज?" मी सांगितलं, हे नाचाचं पथक नव्हे, दोन माणसं समोरासमोर बसून गातात. त्यावर त्यांचा चेहरा पडला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. पण आयुष्यभर स्नेहसंमेलनं भरवली, त्यामुळे पडदा वर गेल्याशिवाय त्यांना कला दिसत नाही.

होळीपर्यंत थांबता येणार नाही. फेब्रुवारीच्या बैठकीत सगळं पक्कं होतं. म्हणून मी असं ठरवलंय, आधी मी एकटीच येते. फोटो नाही, समिती नाही. जान्याबाबांजवळ बसेन. त्यांची इच्छा झाली तर ऐकेन, नाहीतर तुझ्या हातचा चहा पिऊन परत येईन.

बाई


उंबरापाडा, शाळेच्या ओट्यावरून
२२ डिसेंबर २०२४

सीमा,

दिवस न कळवता आले. चूक झाली. रविवार म्हणून तू तळोद्याला गेलीस असं छगनकडून कळलं. छगन गाडी वळवेपर्यंत हे खरडतेय.

बहुतेक घरं बंद आहेत. दारांना काटेरी फांद्या लावल्यात. अंगणं झाडलेली नाहीत, चुली थंड आहेत. एवढ्या सुंदर जागेत, जिथून खालचा सगळा मुलूख तापीपर्यंत दिसतो, तिथे मला फक्त एक म्हातारी भेटली. रूपलीबाई नाव सांगितलं. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी नाही. मी म्हटलं, "जान्याबाबा?" तिने दरीकडे हात केला, खाली, मी जिथून चढून आले तिकडेच. आणि म्हणाली, "ऊस."

मग मी विचारलं, "गायण?" तिने हाताने नाही केलं. तोंडावर पदर घेतला आणि घरात निघून गेली.

काय झालंय, सीमा? मला सरळ सांग.

बाई


उंबरापाडा
२९ डिसेंबर २०२४

ती. बाईंना,
नमस्कार.

तुम्ही इतक्या लांब आलात आणि मी नव्हते, याचं फार वाईट वाटलं. रूपलीबाईने तुमचं पत्र उशीखाली ठेवलं होतं. मी आल्याबरोबर दिलं.

सरळ सांगते. जान्याबाबांना उत्तर देणारे धुडकूबाबा पोळ्याच्या आधी वारले. ताप आला, झोळीत घालून खाली उतरवत असताना वाटेतच गेले. दोघं लहानपणापासून एकत्र गायचे. ढोरं एकत्र चारली, लग्नं एकाच वर्षी झाली. त्या दिवसापासून जान्याबाबा गायले नाहीत. मी अर्ज केला तेव्हा धुडकूबाबा होते. तुमचं पत्र आलं तेव्हा नव्हते. मला वाटलं, दुसरा कोणी समोर बसेल, बाबांचं मन वळेल, होळीपर्यंत काहीतरी होईल. मी बाबांना एकदा म्हटलं, मी दुसरं कोणी शोधू का? ते म्हणाले, "विहिरीला पाणी शोधतात, बाई. हे शोधतात का?"

आणि माझं मागचं पत्र गेलं त्यानंतर सगळं गाव ऊसतोडीला उतरलं. दरवर्षीच उतरतं. शाळेत आता ज्यांचे आजी-आजोबा मागे राहिलेत तेवढीच मुलं आहेत. मला असं वाटत होतं की तुमच्या परिषदेची मदत मिळाली तर जान्याबाबांसारखी एक-दोन म्हातारी माणसं तरी पुढच्या हिवाळ्यात वर राहतील. या वयात ते ऊस तोडायचे नाहीत, गाणं शिकवतील. मुलंही त्यांच्यापाशी राहतील. एवढाच माझा विचार होता.

यंदा आमची टोळी तुमच्याच बाजूला आहे, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे. धुडकूबाबांचा मुलगा अजित आणि त्याची बायकोही तिथेच आहेत. तिचे दिवस भरत आलेत. तिची सासू गजराबाई, म्हणजे धुडकूबाबांची विधवा, तिच्यासाठी म्हणून सोबत गेलीय.

आमचं नाव काढून टाका, बाई. दुसऱ्या कोणाला द्या. पथक नाही तर मदत कशाची घ्यायची?

आपली
सीमा


शहादा
१७ जानेवारी २०२५

चि. सीमा,

जान्याबाबा गायले. आधी एवढं वाच, मग बाकीचं.

तुझं पत्र मी भूपेंद्रभाऊंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "गाणारा गात नाही, उत्तर देणारा राहिला नाही, पथक गावात नाही. मग ताई, मदत द्यायची कोणाला?" त्यांना खोटं पाडण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, तुमचा नियम आहे ना डोळ्यांनी बघायचं म्हणून? मग नाव कमी करायच्या आधी माणसं तरी बघू. ते तयार झाले, पण मनातून नाही.

काल त्यांच्या गाडीतून निघालो. पुरुषोत्तमनगरच्या अलीकडे एका फाट्यावरून आत वळलो आणि विचारत विचारत ऊसतोडीवाल्यांच्या तळावर पोचलो. तोडीला सुट्टी होती, त्यामुळे सगळे तिथेच होते. उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, नि निळ्या प्लास्टिकच्या कोप्या, खोपटांची रांगेला रांग लागलेली. मला वाटलं होतं तुमचं एकच गाव असेल. तिथे धडगावकडचे होते, मोलगीकडचे होते, पार बडवानीकडून आलेलेही होते. कोणी कोयत्याला धार लावतंय, कोणी केस विंचरतंय, बैल वाढे खातायत. उत्तरेला तुमचा सातपुडा निळ्या रेघेसारखा दिसत होता.

अजितने आम्हाला जान्याबाबांकडे नेलं. किती किरकोळ अंगाचा माणूस, सीमा! डोक्याला पांढरं फडकं, गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसलेला. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी हात जोडले. अजितने आमचं येणं समजावून सांगितलं, त्यांनी शांतपणे मान हलवली. अजित म्हणाला, "बाबा नाही म्हणतात. माफ करा म्हणतात."

भूपेंद्रभाऊ माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "चाला ताई. उशीर व्हई ऱ्हायना."

आम्ही उठलोही होतो. तेवढ्यात कोपीतून तान्ह्या बाळाचा आवाज आला. मी अजितकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "मुलगी झाली. आज सकाळीच." मी म्हटलं, "अरे, मग हे आधी का नाही सांगितलंस?" तो जान्याबाबांसमोर उकिडवा बसला आणि त्यांच्याशी तुमच्या भाषेत बोलू लागला. मला एक शब्द कळला नाही, पण मुलगा बापाकडे हट्ट धरतो तसा तो बोलत होता, हे कळलं. बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. 

मग जान्याबाबा उठले. हातपाय धुतले, चूळ भरली. कोपीसमोरची पाचट कोणीतरी चटकन झाडून काढली. मूठभर ज्वारी जमिनीवर ठेवली. ते डोंगराकडे तोंड करून बसले. समोरची जागा रिकामी ठेवली.

आणि त्यांनी विचारलं.

मी आयुष्यभर पेटीसमोर बसले, पण तो स्वर कुठल्या पट्टीवर बोट ठेवून दाखवू, हे मला सांगता येणार नाही. खालच्या षड्जाच्याही खाली कुठेतरी सुरू झाला. मोठा नव्हता. पण बैलांनी खाणं थांबवलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ओळ संपली तेव्हा सूर वर गेला आणि तिथेच थांबला, माणूस प्रश्न विचारून तोंडाकडे बघत थांबतो ना, तसा.

कोणी काही बोललं नाही.

त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा शांतता. सीमा, ती शांतता मला सहन होईना. ती रिकामी जागा बघवेना. वाटलं, आपण इथे यायलाच नको होतं, या माणसाचं दुःख उघडं पाडायला. त्यांनी पुन्हा विचारलं. आता आवाज थरथरत होता.

आणि कोपीच्या दारातून उत्तर आलं.

गजराबाई होत्या. हातात फडक्यात गुंडाळलेली नात. दारातच उभ्या होत्या. गाण्यासाठी म्हणून त्यांनी काहीच केलं नाही. घरच्या माणसाला काही सांगावं तशा खालच्या, जाड आवाजात त्या ओळ बोलल्या, आणि ती ओळ नेमकी त्या थांबलेल्या सुरावर जाऊन बसली. जान्याबाबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचे खांदे तेवढे हलले. मग त्यांनी पुढचं विचारलं. गजराबाईंनी सांगितलं. त्या चालत आल्या आणि त्या रिकाम्या जागी बसल्या. बाळ मांडीवर.

पुढे जे झालं ते कसं लिहू? तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला गजराबाईंच्या आवाजाखाली आणखी एक आवाज ऐकू आला. मी बघितलं तर शेजारच्या रांगेतली एक बाई, पाण्याचा हंडा डोक्यावर, वाटेत उभी. ती उत्तर देत होती. मग ट्रॉलीवर बसलेले दोघे. मग पलीकडच्या रांगेतून, त्याच्याही पलीकडून. त्यांचे शब्द एकसारखे नव्हते, ते मलासुद्धा कळत होतं. पण सगळे एकाच वेळी सुरू करत आणि एकाच वेळी थांबत. जान्याबाबा एकटे विचारत होते आणि सगळा तळ सांगत होता. कोयते खाली ठेवले गेले. माणसं कोप्यांतून बाहेर येऊन होती तिथेच बसत गेली. आवाज डोंगरातून येतोय की उसातून, तेही कळेनासं झालं. मी ज्या जमिनीवर बसले होते ती लहानपणापासून माझ्या ओळखीची, आमच्याच तालुक्यातली. पण त्या वेळी मला असं वाटलं की ती आत्ता, माझ्या देखत घडतेय. मी तळहात मातीवर टेकवले. खरंच टेकवले.

भूपेंद्रभाऊंना उठवायचं म्हणून मी त्यांच्या खांद्याला हात लावला, उशीर होईल म्हणून. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले होते. म्हणाले, "बठा ताई. आते उठानं नही."

दिवस मावळायच्या आत गाणं संपलं. जान्याबाबांनी ज्वारीतला एक दाणा बाळाच्या मुठीत दिला. मग लोक उठले नि आपापल्या चुली पेटवायला लागले, जणू काही विशेष झालंच नव्हतं.

 शहाद्याला गाडीतून उतरताना भूपेंद्रभाऊ म्हणाले, "आते मी काय बोलू, ताई?"

मला अर्थ सांग, सीमा. पहिला प्रश्न काय होता? एवढ्या गावांच्या माणसांना उत्तरं कशी माहीत?

तुझी
बाई


उंबरापाडा
२८ जानेवारी २०२५

ती. बाईंना,
नमस्कार.

तुमचं पत्र मी आधी रूपलीबाईला सांगितलं. मराठीत वाचत गेले आणि आमच्या बोलीत सांगत गेले. गजराबाई दारातून बोलली तिथे आले, तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. दोघी रडलो.

पहिला प्रश्न असा असतो: पाण्यावर कोण आहे?

उत्तर असं: कोणी नाही. पाण्यावर पाणी आहे.

मग जान्याबाबा विचारतात, माती कुठे आहे? उत्तर: तळाशी झोपली आहे. कोण आणील? खेकडा आणील. कशात आणील? नांगीत धरून आणील. असं करत करत माती वर येते, पसरते, पण पाण्यावर डुलत राहते, स्थिर होत नाही. मग एकेक डोंगर नाव घेऊन खुंटीसारखा तिच्यात ठोकायचा. उत्तर देणाऱ्याने डोंगराचं नाव घेतलं की तो उभा राहतो. म्हणून उत्तर आलं नाही तर धरती होत नाही, सगळं पाण्याखालीच राहतं. बाबा पुन्हा पुन्हा तेच विचारत होते ना, ते हट्टाने नव्हे, बाई. त्यांना पुढे जाताच येत नव्हतं. ते पाण्यावरच थांबले होते.

आणि एवढी माणसं कशी बोलली, ते मलाही माहीत नाही. खरं सांगते. मला वाटायचं हे गायण आमच्या पाड्याचं आहे, धुडकूबाबा गेले म्हणजे संपलं. बडवानीकडच्या माणसांनाही ते येतं, हे मी तुमच्या पत्रातून शिकले. रूपलीबाई म्हणते, तिच्या माहेरी खेकडा नसतो, कासव असतं. कासवाच्या पाठीवर माती येते. म्हणून तुम्हाला शब्द वेगळे ऐकू आले असतील. म्हणजे त्या दिवशी कोणी खेकड्याकडून माती आणवली, कोणी कासवाकडून, आणि डोंगरही ज्याने त्याने आपापले उभे केले. एवढी मोठी धरती आमच्या गावात कधी झाली नसेल, बाई. त्या पोरीसाठी झाली.

मी तिथे नव्हते. पण तुम्ही होतात, याचा मला आनंद आहे. आणि थोडा हेवाही वाटतो.

आपली
सीमा


शहादा
२० फेब्रुवारी २०२५

चि. सीमा,

काल बैठक झाली. दोघा सदस्यांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, पथकाचे सदस्य कोण, कार्यक्रम कुठे करणार, याचं उत्तर नसताना मदत कशी द्यायची? मी बोलायला उठले, पण भूपेंद्रभाऊंनी मला हाताने बसवलं आणि स्वतः बोलले. तुझ्या पत्रातला अर्थ मी त्यांना सांगितला होता, तो त्यांनी सगळ्यांना सांगितला. पाणी, खेकडा, डोंगर, सगळं. मग म्हणाले, "सदस्य किती म्हणून विचारता? मी तिथे बसलो होतो. कुठून मोजायला सुरुवात करू ते मला कळलं नाही. यांच्याकडून कार्यक्रम मागायचा नाही. यांनी मुलांना शिकवायचं, एवढंच मागायचं."



तर मदत मंजूर झालीय. सध्या एका वर्षापुरती. जान्याबाबा आणि गजराबाई, दोघांनाही शिकवण्याचं मानधन. गजराबाईंचं नाव मी घातलं, तुला न विचारता. पुढच्या हिवाळ्यात ती दोघं वर राहू शकतील. बाकीचं गाव उतरणारच आहे, त्याला आमच्या परिषदेचा हात पुरत नाही, हे मलाही कळतं. पण जी मुलं आईबापांबरोबर तळावर असतील, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा दोघांना खाली आणायची सोय भूपेंद्रभाऊ स्वतःच्या गाडीने करणार आहेत. हे त्यांनी बैठकीत नाही, बाहेर चपला घालताना सांगितलं.

जान्याबाबांना विचारून कळव, त्यांना हे चालेल का. नाही म्हणाले तरी राग मानणार नाही.

बाई


उंबरापाडा
२ एप्रिल २०२५

ती. बाईंना,
सीमाचा नमस्कार.

होळीला सगळं गाव वर आलं. अजितची मुलगी बाळसेदार झालीय. तिला अजून नाव ठेवलेलं नाही, जो तो वेगळ्याच नावाने हाक मारतो.

जान्याबाबांना तुमचं विचारणं सांगितलं. त्यांनी हो म्हटलं, पण शाळेच्या खोलीत बसायला नाही म्हणाले. छपराखाली धरती करता येत नाही म्हणाले. म्हणून दुपारनंतर मोहाच्या झाडाखाली बसायचं ठरलं.

शिकवणं सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी दोघांना चहाला बोलावलं. जान्याबाबांनी बशीतला चहा फुंकत गजराबाईला विचारलं, "तुला सगळं येत होतं, तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?" गजराबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुम्ही दोघं होतात ना."

बाबांनी बशी खाली ठेवली.  मग म्हणाले, "तो चुकायचा. चौथ्या डोंगरापाशी दरवेळी चुकायचा." गजराबाई हसायला लागली. "मला माहीत आहे," म्हणाली. "मी चुलीपाशी बसून बरोबर करायची." मग तेही हसले. धुडकूबाबा गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

काल पहिला दिवस होता. मला वाटलं मुलं लाजतील. बाबांनी सगळ्यांना गोल बसवलं. मी हजेरी घेऊन बाजूला उभी राहिले होते. ते म्हणाले, "तूही बस." मी बसले. ते एकेकाकडे बघून विचारत गेले. गजराबाई आधी उत्तर सांगायची, मग मुलाने म्हणायचं. कोणी पुटपुटलं, कोणी ओरडलं. एकाने खेकड्याच्या जागी बेडूक म्हटलं, तर बाबा म्हणाले, "बघू, आणतो का." सगळे हसले. कोणी चुकलं म्हणून थांबवलं नाही. माती थोडी थोडी वर येत होती.

मग ते माझ्याकडे वळले.

बाई, शाळेत मी विचारते आणि मुलं सांगतात. तिथे सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. आईच्या कडेवर असल्यापासून मी हे ऐकत आलेय, तरी माझ्या तोंडून हे कधी निघालेलं नव्हतं. मी वसतिगृहात गेले, मग कॉलेज, मग नोकरी. मला वाटायचं, मी हे जपणारी आहे. उत्तर देणारी दुसरी माणसं आहेत.

बाबांनी विचारलं, "डुलणारी माती कोण धरील?"

गजराबाईने मला उत्तर सांगितलं नाही. तिने मुद्दाम तोंड फिरवलं. वारा होता, मोहाची फुलं टपटप पडत होती. समोर आमचा डोंगर दिसत होता, ज्याच्या पायथ्याशी माझं घर आहे. मी त्याचं नाव घेतलं. ते अर्धंच निघालं. मी पुन्हा घेतलं.

जान्याबाबा "बरोबर" म्हणाले नाहीत की शाबासकी दिली नाही. त्यांनी त्या डोंगराकडे एकदा पाहिलं, तो उभा आहे ना म्हणून, आणि पुढचं विचारलं.

आपली
सीमा